बेरियम एक्स-रेची तयारी: "साहेब उपासच आहे हो, फक्त खिचडी खाल्ली" आणि काउंटरवरचे बाकीचे प्रश्न

मी एक्स-रे टेक्निशियन आहे, चौदा वर्षं झाली या कामात, आणि खरं सांगायचं तर माझा अर्धा दिवस फोटो काढण्यात नाही तर "आज नाही होणार, उद्या परत या" हे सांगण्यात जातो. लोकांची चूक नसते. चिठ्ठीवर एकच ओळ असते, "सकाळी उपाशी पोटी येणे", आणि तिचा अर्थ ज्याने त्याने आपापला लावलेला असतो. म्हणून रोज विचारले जाणारे प्रश्न इथे एकदाच लिहून काढतोय. तुमच्या सेंटरने किंवा डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, त्यांनी तुमची फाईल बघितलेली असते, मी नाही.

पोटाचा साधा एक्स-रे का नाही काढत? बेरियम कशाला?

1895 मध्ये रॉन्टगेन साहेबांनी हे किरण शोधले तेव्हा बायकोच्या हाताचा फोटो काढला, त्यात हाडं आणि बोटातली अंगठी दिसली. मांस पुसटच. तीच गोष्ट आजही आहे. अन्ननलिका, जठर, आतडी हे सगळं मऊ मांस, एक्स-रेत सगळं एकाच करड्या रंगात मिसळून जातं. साध्या फोटोत आतड्यातला गॅस दिसतो, अडथळा असेल तर पाण्याच्या रेषा दिसतात, पोराने गिळलेलं नाणं दिसतं, आतडं फुटलं असेल तर छातीच्या पडद्याखाली हवा दिसते. असल्या इमर्जन्सीत तयारी वगैरे काही नसते, आल्या आल्या फोटो. पण आतड्याच्या आतल्या बाजूला व्रण आहे का, नळी कुठे अरुंद झालीय का, हे बघायचं तर आतून काहीतरी रंगवावं लागतं, आणि ते काम बेरियम करतं. जड धातू आहे, किरण अडवतो, फोटोत पांढराशुभ्र दिसतो. जिथून जाईल तिथला आकार उमटवत जातो, भिंतीला चुना दिला की भेगा दिसतात ना, तसं.

माझ्या चिठ्ठीवर नक्की कुठली टेस्ट आहे?

हे आधी बघा, कारण तयारी त्यावर ठरते. बेरियम स्वॅलो म्हणजे घास गिळायची नळी, अन्ननलिका. बेरियम मील म्हणजे जठर आणि त्याच्या पुढचा थोडा भाग. मील फॉलो थ्रू, काही डॉक्टर नुसतं बीएमएफटी लिहितात, म्हणजे जठरापासून सगळं छोटं आतडं, जिथे ते मोठ्या आतड्याला मिळतं तिथपर्यंत. या तिन्हीत औषध तोंडाने प्यायचं. बेरियम एनिमा म्हणजे मोठं आतडं आणि त्यात औषध खालून सोडतात. हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारून घ्या, कारण एनिमाला आलेला पेशंट नुसता सकाळचा उपाशी येतो आणि मग आमचं त्याचं दोघांचं तोंड उतरतं.

उपाशी म्हणजे नक्की कसं उपाशी?

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. उपाशी म्हणजे उपास नाही! आपल्याकडे उपास म्हटलं की साबुदाणा, भगर, रताळं, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू, वर केळं. आषाढी एकादशीच्या दिवशी एक आज्जी आल्या होत्या, विचारलं काही खाल्लं का, म्हणाल्या "नाही रे बाळा, उपास आहे आज." बेरियम दिलं, स्क्रीनवर बघतो तर जठरात गोल गोल ठिपकेच ठिपके. साबुदाणा. आता डॉक्टरांनी ते ठिपके बघून काय समजायचं? व्रण, गाठ का खिचडी? टेस्ट रद्द, आज्जी परत आल्या द्वादशीनंतर.

तर स्वॅलो, मील आणि फॉलो थ्रूसाठी कमीत कमी 6 ते 8 तास पोटात काही नको. आम्ही सोपं सांगतो, आदल्या रात्री नऊच्या आत हलकं जेवा, वरण भात, मऊ खिचडी (मुगाची, साबुदाण्याची नव्हे), आणि मग सकाळी टेस्ट होईपर्यंत काही नाही. रात्री मटण हाणून बारा वाजता झोपलात आणि सकाळी आठला आलात तर घड्याळाप्रमाणे आठ तास झाले हे खरं, पण पोट घड्याळ बघत नाही, तेलकट जेवण जठरात जास्त वेळ बसून राहतं.

चहा पण नाही का? अर्धा कप? कोरा?

नाही. दुधाचा चहा म्हणजे खाणंच धरा. कोरा पण नको. पाण्याचं प्रत्येक सेंटरचं वेगळं असतं, साधारण दोन तास आधीपर्यंत दोन घोट चालतात पण तांब्याभर पाणी ढोसून येऊ नका, जठरात पाणी असेल तर बेरियम पातळ होतं आणि भिंतीला नीट चिकटत नाही. ब्रश करा खुशाल, गुळणी करून थुंकून टाका.

तंबाखू, मिश्री, सिगारेट?

हे कोणी स्वतःहून विचारत नाही, मलाच विचारावं लागतं. मिश्री लावणाऱ्या मावश्यांना तर ते खाण्यापिण्यात धरतात हेच पटत नाही, "अहो दातच घासलेत" म्हणतात. तंबाखू, मिश्री, गुटखा, पान, सिगारेट, च्युइंगम, सगळ्याने तोंडाला लाळ सुटते आणि जठरात रस सुटतो, आणि ती लाळ हवेसकट पोटात जाते. आदल्या रात्रीपासून बंद ठेवा. एका रात्रीचा प्रश्न आहे. मावशींना जमत नसेल तर सकाळी पहिला नंबर मागून घ्या म्हणजे फार वेळ कळ काढावी लागणार नाही.

शुगर आहे, बीपीची गोळी आहे, काय करू?

बीपीची, हार्टची, फिटची गोळी सहसा एक-दोन घोट पाण्यासोबत घेतात, बंद करायची नसते. शुगरचं उलट. उपाशीपोटी शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेतलं आणि वर जेवायला दुपार झाली तर शुगर खाली जाऊन चक्कर येते, घाम फुटतो, मी दोघांना वेटिंगच्या बाकावर आडवं झालेलं बघितलंय. म्हणून शुगरवाल्यांनी दोन गोष्टी करायच्या, अपॉइंटमेंट घेतानाच सांगून पहिला नंबर घ्यायचा, आणि गोळी-इन्सुलिनचं काय करायचं ते स्वतःच्या डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारायचं. शेजारच्या काकांना विचारून ठरवू नका, त्यांचा डोस वेगळा. आणि बॅगेत बिस्किट, साखर ठेवा. घाम किंवा थरथर जाणवली तर लगेच आम्हाला सांगा आणि साखर खा, टेस्ट बुडाली तर बुडू दे.

ऍसिडिटीचं ते गुलाबी पातळ औषध त्या सकाळी नको. पोटाची कळ थांबवायच्या गोळ्या आतड्याची हालचाल मंद करतात, त्या एक दिवस आधी थांबवता येतील का हे डॉक्टरांना विचारा.

बेरियम एनिमाची तयारी एवढी मोठी का असते?

कारण मोठ्या आतड्यात नेहमीच काहीतरी भरलेलं असतं. तिथे राहिलेला मळाचा छोटा गोळा आणि आतड्यातली छोटी गाठ, फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. सगळी तयारी या एका गोष्टीसाठी आहे.

दोन दिवस आधीपासून चोथा बंद. म्हणजे आपण ज्याला पौष्टिक म्हणतो ते सगळं बंद, ऐकायला विचित्र वाटतं पण तसंच आहे. भाकरी नको, पालेभाजी नको, मटकी-चवळीची उसळ नको, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर नको, पेरू-डाळिंब नको, आणि आपल्या प्रत्येक भाजीत पडतो तो शेंगदाण्याचा कूट, तीळ, ओलं खोबरं, ते पण नको. चालतं काय? दही भात, मऊ भात आणि वरणाचं वरचं पाणी, इडली, पांढरा ब्रेड, सालं काढलेला उकडलेला बटाटा, उकडलेलं अंडं, काटे काढलेला साधा मासा.

टेस्टच्या आदल्या दिवशी फक्त पातळ आणि आरपार दिसेल असं. नारळपाणी, गाळलेलं लिंबू सरबत, कोरा चहा, गाळलेलं सूप, साखर-मीठ-पाणी. दूध, ताक, लस्सी पातळ असलं तरी यात बसत नाही. कोकम सरबताचं पण विचारतात, दुर्बिणीच्या तपासणीला ते लाल रंगामुळे नको म्हणतात, एक्स-रेला रंगाने काही फरक पडत नाही.

मग संध्याकाळी पोट साफ करायचं औषध. कुणाला गोळ्या देतात, कुणाला दोन लिटर पाण्यात कालवायची पावडर. पावडर असेल तर दर दहा-पंधरा मिनिटांनी एक ग्लास, सावकाश, एकदम प्यायलात तर उलटी होईल. थंडगार करून प्या, जरा सुसह्य होते. एक-दोन तासांत सुरू होतं आणि मग तुम्ही आणि संडास. म्हणून औषध घेऊन एसटीत बसू नका!! गावाकडून येणार असाल तर आदल्या दिवशीच पाहुण्यांकडे मुक्कामाला या आणि औषध तिथे घ्या. शेवटी शेवटी नुसतं पिवळसर पाणी यायला लागलं की पोट साफ झालं. अजून गढूळ किंवा गाठी येत असतील तर सकाळी आल्या आल्या आम्हाला सांगा, लाजू नका, काही ठिकाणी त्या वेळी साध्या पाण्याचा एनिमा देऊन साफ करतात.

वयस्कर माणूस असेल तर त्या रात्री कोणीतरी सोबत जागं असावं, जुलाबाने अंगातलं पाणी जातं, चक्कर येते. संडासाला आतून कडी लावू देऊ नका. आणि किडनीचा किंवा हार्टचा त्रास असेल तर पोट साफ करायचं औषध मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणू नका, काही औषधांनी किडनीवर लोड येतो.

घरी इसबगोल आहे, तेच घेतलं तर?

नको, उलटं होईल. इसबगोल फुगून मळाचा आकार वाढवतो. रोजच्या बद्धकोष्ठाला छान, टेस्टच्या आधी नाही. एरंडेल पूर्वी यासाठी खरंच द्यायचे, पण आता डॉक्टरांनी दिलंय तेच घ्या, दोन्ही एकत्र करून प्रयोग नकोत.

एनिमाच्या वेळी दुखतं का?

दुखण्यापेक्षा अवघडल्यासारखं जास्त. कुशीवर झोपवून मागून एक नळी घालतात, तिच्यातून बेरियम सोडतात, मग बऱ्याचदा हवा पण भरतात म्हणजे आतडं फुग्यासारखं ताणलं जाऊन भिंत नीट दिसते. संडासला लागल्यासारखं होतं, सगळ्यांनाच होतं, तोंडाने हळूहळू श्वास घ्या. थोडं सांडलं तरी काही नाही, टेबल पुसता येतं, आमचं रोजचंच आहे. टॉयलेट खोलीला लागूनच असतं. अर्धा-पाऊण तासात आटपतं. जास्तीचे कपडे मात्र आणाच.

कधी कधी आतडं सैल पडावं म्हणून इंजेक्शन देतात. काचबिंदू, प्रोस्टेट किंवा हार्टचा त्रास असेल तर ते आधी सांगा. त्या इंजेक्शनने थोडा वेळ अंधुक दिसतं, तेव्हा गाडी स्वतः चालवत जाऊ नका.

अंगावरचं सोनंनाणं काढायचं का?

जो भाग बघायचाय तिथलं सगळं काढायचं. स्वॅलोला मंगळसूत्र, चेन, कानातलं, नथ, मानेच्या मागे बांधलेला ताईत, केसातल्या पिना. पोटाच्या टेस्टला करगोटा. करगोटा म्हटलं की लोक थबकतात, काळा दोरा असेल तर अडत नाही पण त्याला चांदीचा मणी किंवा ताईत असेल तर फोटोत तो बरोबर आतड्यावर येऊन बसतो. साडीची सेफ्टी पिन, ब्राचे हुक, पँटची चेन पण दिसते. म्हणून गाऊन देतात. मंगळसूत्र काढायला मन धजत नसेल तर तसं सांगा, फक्त पोटाचा फोटो असेल तर ते वर सरकवून काम भागतं. आणि दागिने शक्यतो घरीच ठेवून या, काढून ठेवलेलं विसरून जाणारे आठवड्याला एक तरी असतात.

पाळी चुकलीय / दिवस गेलेत असं वाटतंय...

आत यायच्या आधी सांगा. खात्री नसेल तरी सांगा. दारावर तसा बोर्ड असतो, पण सासूबाई शेजारी उभ्या असताना नव्या सुनेला ते बोलायला अवघड जातं हे मला कळतं, म्हणून आम्ही पेशंटला आत एकटीला घेऊन सिस्टरना विचारायला सांगतो. टेस्ट तातडीची नसेल तर पाळी आल्यानंतरच्या पहिल्या दहा दिवसांतली तारीख घेणं सगळ्यात सोपं. सोबत येणाऱ्या बाईला दिवस असतील तर तिने खोलीत थांबू नये. आणि दारावरचा लाल दिवा लागलेला असताना दार ढकलू नका, "फक्त पिशवी द्यायची होती" म्हणत लोक आत येतात.

बाळाला अंगावर पाजत असाल तर बेरियमने काही होत नाही, ते रक्तात उतरतच नाही.

चव कशी असते?

खडूची पावडर घट्ट ताकात कालवली तर कशी लागेल, तशी. वर स्ट्रॉबेरी किंवा व्हॅनिलाचा वास मारतात त्याने बरं वाटतं की अजून वाईट यावर मतभेद आहेत. नाकाने श्वास न घेता मोठे घोट घ्या. कधी कधी आधी फसफसणारी पावडर देतात, जठरात गॅस व्हावा म्हणून, आणि मग सांगतात ढेकर देऊ नका. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी ढेकर दाबायला सांगतं आणि तेव्हाच ती येते. गिळत राहा, लाळ गिळली की जरा दबते.

आणि मी "तोंडात धरा" म्हटलं की धरा आणि "गिळा" म्हटलं की गिळा, कारण स्वॅलोचा सगळा खेळ त्या दोन-तीन सेकंदांचा असतो.

किती वेळ लागतो? रजा किती टाकू?

स्वॅलो 15-20 मिनिटं. मील अर्धा-पाऊण तास. फॉलो थ्रूला मात्र पूर्ण दिवस मोकळा ठेवा. छोटं आतडं साधारण 6 मीटर लांब असतं आणि बेरियम त्याच्या चालीने जातं, आम्ही 15 मिनिटांनी, अर्ध्या तासाने, तासाने असे फोटो काढत राहतो. कुणाचं दीड तासात पोचतं, कुणाला पाच तास लागतात. मध्ये थोडं चालायला सांगतात, उजव्या कुशीवर झोपायला सांगतात. पण "फोटो झाला ना, मग बाहेर वडापाव खाऊन येतो" असं करू नका, शेवटचा फोटो झाला असं आम्ही सांगेपर्यंत नाही. डबा सोबत आणा, तो नंतर उघडा.

ही शेवटची जागा, छोटं आतडं मोठ्याला मिळतं ती, आपल्याकडे फार बघितली जाते कारण पोटाचा टीबी बऱ्याचदा तिथेच बसतो. म्हणून तिथपर्यंत बेरियम पोचल्याशिवाय आम्ही सोडत नाही, कंटाळा आला तरी.

बेरियम विषारी असतं असं गुगलवर वाचलं

बरोबर वाचलं, पण अर्धंच. बेरियमचे जे क्षार विरघळतात ते विषारीच आहेत, बेरियम कार्बोनेट उंदराच्या औषधात वापरायचे. तपासणीला देतात ते बेरियम सल्फेट, ते पाण्यात विरघळत नाही, आतडं ते शोषत नाही, जसं गेलं तसं बाहेर येतं. 2003 मध्ये ब्राझीलमध्ये एका कंपनीच्या बेरियममध्ये कार्बोनेटची भेसळ झाली होती आणि पेशंट दगावले होते. म्हणून सीलबंद, तपासणीसाठीच बनवलेलं बेरियम वापरतात. बाटली बघायची असेल तर मागा.

आणि रेडिएशन?

छातीच्या एका एक्स-रेपेक्षा नक्कीच जास्त, कारण इथे पडद्यावर चालू चित्र बघावं लागतं. मोजायचं झालं तर छातीचा फोटो साधारण 0.1 मिलिसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं माप), स्वॅलो दीडच्या आसपास, मील 6, एनिमा 6 ते 8. आणि काही न करता नुसतं जगण्यात, जमिनीतून, आकाशातून, माणसाला जगभराच्या सरासरीने वर्षाला 2.4 मिळतं. म्हणजे घाबरून टेस्ट टाळावी एवढं नाही आणि उगाच दर सहा महिन्यांनी काढावी एवढं किरकोळ पण नाही. तयारी अर्धवट करून आलात तर तेच परत काढावं लागतं, म्हणजे डोस पण डबल.

सोनोग्राफी, सिटी स्कॅन पण सांगितलंय, आधी काय करू?

आधी सोनोग्राफी, सिटी, आणि बेरियम सगळ्यात शेवटी. बेरियम पोटात असेल तर सिटीत चकाकी मारते, काही दिसत नाही, मग पोट साफ व्हायची वाट बघत बसा. एंडोस्कोपी, म्हणजे दुर्बीण आत घालून करायची तपासणी, ती पण बेरियमच्या लगेच नंतर नको. खालून दुर्बीण घालून तुकडा काढला असेल तर बेरियम एनिमाला साधारण आठवडाभर थांबावं लागतं, ते नक्की सांगा.

एंडोस्कोपी असताना हे जुनं कशाला?

रास्त प्रश्न. मोठ्या आतड्यासाठी आता बहुतेक जण कोलोनोस्कोपीच (खालून घालायची दुर्बीण) करतात, एनिमाचे पेशंट खूप कमी झालेत. पण घास अडकतोय आणि दुर्बिणीत सगळं नॉर्मल, अशा वेळी स्वॅलोत अन्ननलिकेचं खालचं तोंड पक्ष्याच्या चोचीसारखं निमुळतं दिसतं आणि निदान होतं. ऍसिड प्यायलेल्या पेशंटची नळी किती लांब आकसलीय, ऑपरेशननंतर कुठे गळतंय का, हे दुर्बिणीपेक्षा इथे चांगलं कळतं. मात्र गळती किंवा फाटल्याचा संशय असेल तर बेरियम देत नाहीत, पाण्यात विरघळणारं आयोडीनचं औषध देतात, कारण बेरियम पोटाच्या पोकळीत सांडलं तर फार त्रास देतं. आयोडीनची ऍलर्जी पूर्वी झाली असेल तर तेव्हा सांगा.

लहान बाळाला इतके तास उपाशी कसं ठेवायचं?

ठेवायचं नाही. तान्ह्या बाळाची एक पाजायची वेळ चुकवतात, साधारण तीन-चार तास. बाळ भुकेलं असलं की बाटलीतून बेरियम पटकन ओढतं, तेवढाच फायदा. बाळाची स्वतःची बाटली आणा. आणि जन्मापासून शी होत नाही म्हणून एनिमा सांगितला असेल तर आधी पोट साफ करायचं औषध देऊ नका, तिथे तयारी न करणं हीच तयारी, आतडं आहे त्या अवस्थेत बघायचं असतं.

आजोबांना पाणी पिताना ठसका लागतो

हे पहिल्यांदा सांगा, सगळ्याच्या आधी. पॅरालिसिस होऊन गेलेल्या माणसाच्या श्वासनळीत औषध जाऊ शकतं. मग थोडं थोडं, बसवून देतात. थोडंसं बेरियम गेलं तर खोकून निघतं, पण ते आयोडीनचं दाट औषध फुप्फुसात जाणं जास्त वाईट, म्हणून कुठलं द्यायचं ते डॉक्टर ठरवतात.

नंतर पांढरी संडास होतेय, घाबरायचं का?

नाही, एक ते तीन दिवस होते. पाणी भरपूर प्या, नेहमीपेक्षा चार-सहा ग्लास जास्त, कारण बेरियम आतड्यात सुकलं की प्लास्टरसारखं घट्ट बसतं. आता भाकरी, पालेभाजी, पपई, पेरू सगळं खा. (किडनीवाल्यांनी, ज्यांना पाणी मोजून दिलंय त्यांनी विचारून.) संडासात जरा जास्त पाणी ओता, भांड्याला चिकटून बसतं. तीन दिवसांत पोट साफच झालं नाही, पोट फुगलं, उलटी झाली किंवा ताप आला तर डॉक्टरकडे जा, वाट बघू नका.

येताना काय काय आणायचं?

डॉक्टरांची चिठ्ठी, चालू गोळ्यांची यादी किंवा सरळ गोळ्यांची पिशवीच, आणि जुने फोटो. नुसता रिपोर्टचा कागद नाही, फिल्म आणा, कारण दोन वर्षांपूर्वी नळी किती अरुंद होती हे आमच्या डॉक्टरांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असतं. फिल्म घरात गादीखाली ठेवता ना, तिथेच असेल, फक्त घडी घालून पिशवीत कोंबू नका.